मधल्या प्रमाणातले खड्डे

१९ ऑगस्ट. काम : मधल्या प्रमाणाच्या सहा पट्ट्या घासणे.

प्रयोगशाळेच्या वहीत त्या दिवशी मी एवढंच लिहिलेलं आहे. पट्टी म्हणजे साध्या पोलादाची, बोटभर रुंद आणि वीतभराहून लहान पट्टी. इंदापुरातल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून मी त्या शंभरभर कापून आणल्या होत्या. ती आधी जाड पॉलिश पेपरवर घासायची, मग बारीक, मग त्याहून बारीक. कागद बदलला की घासायची दिशा बदलायची, म्हणजे आधीच्या कागदाचे ओरखडे गेले की नाही ते कळतं. शेवटी तिच्यात आपलं नाक दिसलं पाहिजे. एका पट्टीला पाऊण तास. दुपारपर्यंत माझ्या उजव्या हाताची बोटं काळी झाली आणि मनगट बोलायला लागलं.

एरवी हे काम तात्या करायचे. तात्या म्हणजे आमच्या कॉलेजच्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेतले मदतनीस. वयाने माझ्याहून सात-आठ वर्षं मोठे, सांगवीचे, घरचा ऊस. त्या आठवड्यात त्यांच्याकडे आडसाली उसाची लागण होती म्हणून ते रजेवर होते. मी त्याच कॉलेजात शिकवते. राहते इंदापुरात, रोज एसटीने बारामती गाठते. मुलगी शिकायला बाहेर गेली आणि घरात संध्याकाळ रिकामी राहायला लागली तेव्हा, म्हणजे चाळिशी ओलांडल्यावर, मी पीएच.डी.ला नाव घातलं. हौस म्हणून नव्हे. वीस वर्षं तेच पेंडुलम मुलांना मोजायला लावून मला कंटाळा आला होता.

विषय असा : पोलादाच्या पट्टीवर निकेल आणि कोबाल्ट या दोन धातूंचा एकत्र, अगदी पातळ थर चढवायचा. दोन्ही धातूंचे क्षार पाण्यात विरघळवायचे, पट्टी त्यात बुडवायची, वीज सोडायची. निकेलचं पाणी हिरवंगार असतं, कोबाल्टचं गुलाबी. दोन्ही मिसळली की मळकट, नाव न देता येणारा रंग होतो. पण पट्टीवर जो थर चढतो तो चांदीसारखा. केसाहून कितीतरी पातळ. कोबाल्टचं प्रमाण बदललं की थर कसा बदलतो, कण बारीक होतात की जाड, थर गुळगुळीत बसतो की खरबरीत, हे बघायचं. कोबाल्ट मोठा पुढेपुढे करणारा धातू आहे. पाण्यात थोडासाच घातला तरी थरात तो आपल्या वाट्यापेक्षा जास्त जागा घेतो. पंगतीत असे पाहुणे असतात.

पाच वर्षांत मी अशा नऊ प्रमाणांचे थर चढवले. शेवटी एकच गोष्ट नवीन म्हणावी अशी हाती लागली. कोबाल्ट कमी असेल तर थर सपाट येतो, जास्त असेल तरी सपाट येतो, पण मधल्या प्रमाणात थरावर बारीक बारीक खड्डे पडतात. हे कुणी आधी सांगितलेलं नव्हतं. माझे मार्गदर्शक सर पुण्याला असतात, निवृत्तीला आले आहेत, कौतुक फारसं करत नाहीत. पण खड्ड्यांचे फोटो बघून ते म्हणाले होते, "हे तुमचं. बाकी सगळं लोकांनी केलेलं आहे." तिसरं प्रकरण त्यावरच उभं होतं आणि प्रबंधही त्यावरच. दोनदा मुदतवाढ घेऊन झाली होती. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द, पाच वर्षं पाण्यात. म्हणून सर म्हणाले, "द्यायच्या आधी मधलं प्रमाण एकदा पुन्हा करा. सहा पट्ट्या. परीक्षक विचारणारच."

तर त्या सहा पट्ट्या मी घासल्या, दुसऱ्या दिवशी रात्रीत धरलेली तांबूस झाक पुन्हा घासून काढली, थर चढवला आणि मायक्रोस्कोपखाली धरल्या. खड्डे नव्हते.

एकही नव्हता. सहाही पट्ट्या काचेसारख्या. इतके सुंदर थर माझ्या हातून पाच वर्षांत उतरले नव्हते. मी सहाही पुन्हा एकदा मायक्रोस्कोपखाली धरल्या.

पुढचे तीन दिवस मी जे केलं ते आता आठवलं की हसू येतं. मी सगळा दोष प्रमाणाला दिला. प्रबंधच प्रमाणावर होता, तर चूक प्रमाणातच असणार. तराजू तपासला. कोबाल्टची जुनी बाटली टाकून नवी फोडली. पाण्याचा आंबटपणा पुन्हा मोजला, कमी केला, वाढवला. प्रत्येक वेळी नवी पट्टी घासायची, थर चढवायचा, बघायचं. प्रत्येक वेळी काच. चांगलं आलं म्हणून रडकुंडीला आलेली बाई त्या आठवड्यात बारामतीत मी एकटीच असेन.

सोमवारी तात्या आले. उन्हाने रापलेले, उसाच्या पाल्याने हातावर चरे पडलेले. माझी बोटं बघून त्यांनी जीभ चावली.

"मॅडम, तुमी घासल्या? दोन रोज थांबायचं की. मी काय उसातच ऱ्हाणार हुतो का?"

"तारीख थांबत नाही, तात्या. मला सहा पट्ट्या तयार करून द्या. नेहमीसारख्या. नेहमीसारख्या म्हणजे अगदी नेहमीसारख्या."

"मंग काय येगळ्या करनार? उद्या सकाळी घ्या."

मंगळवारी सकाळी त्यांनी दिलेल्या पट्ट्या मी घेतल्या, एकेक करून थर चढवला. खड्डे आले! तात्या माझ्या मागे उभे होते. मायक्रोस्कोपमध्ये डोकावायला त्यांना आवडतं, एक डोळा हाताने झाकून बघतात.

"देवीच्या वणावानी दिसतंय," ते म्हणाले. "ह्येच पायजे हुतं ना?"

"हेच."

"बगा. तुमच्या हाताला यश न्हाय. शिकल्या लई, पर हाताला यश न्हाय."

मीही हसले. त्या क्षणी मला इतकं हायसं वाटलं होतं की ते आणखी काही बोलले असते तरी चाललं असतं. मी वहीत नोंद केली आणि पट्ट्या क्रमाने मांडल्या. मांडल्या आणि हसू गेलं. पहिल्या पट्टीवर खड्डे विरळ होते. दुसरीवर थोडे जास्त. सहावीवर दाट, आणि कडेला थर पापुद्र्यासारखा सुटलेला. सहाही पट्ट्या एकाच दिवशी, एकाच बीकरात, एकाच प्रमाणात केलेल्या. प्रमाण एकच असेल तर खड्डे वाढत जाण्याचं कारण प्रमाण कसं असेल? अकरावीच्या पोराने हा प्रश्न विचारला असता. मी तो सव्वा वर्षात स्वतःला विचारला नव्हता, कारण मी दर वेळी सर्वांत चांगल्या दिसणाऱ्या खड्ड्यांची पट्टी फोटोला ठेवायची आणि बाकीच्या डब्यात टाकायची.

बुधवारी सकाळी मी तात्यांना म्हटलं, "आज मला शिकवा. पट्टी हातात घेतल्यापासून मला देईपर्यंत काय काय करता ते सगळं माझ्यासमोर करा."

"परीक्षा हाय का?"

"तुमची नाही. माझी."

ते स्टुलावर बसले. घासणं माझ्याहून शंभर पटीने सुबक. हात एका लयीत, दाब सगळीकडे सारखा, खुरप्याला धार लावताना लागतो तसा. मग साबणाच्या पाण्याने धुणं, मग सुती फडक्याने टिपणं. इथवर सगळं माझ्या प्रबंधात लिहिल्याप्रमाणे. मग त्यांनी खणातून एक चपटी बाटली काढली, दुसऱ्या फडक्याच्या टोकाला ती टेकवली आणि पट्टीवरून तो बोळा हळूच एकदा फिरवला. बाळाच्या टाळूला तेल लावावं तसा.

"हे काय?"

"करडीचं त्याल."

"तेल?"

"मग? गंजत्यात ना. संध्याकाळी घासून ठिवली की सकाळी तांबडी. घरी इळा, खुरपं पुसून न्हाय का ठिवत आपुन? आन् जळकं ऑइल न्हाय लावलं म्या, त्ये काळं असतंय. हे चांगलं घरच्या घाण्याचं हाय. सकाळी परत साबनानं धुतो की."

मी स्टूल ओढून बसले. घरोघरी हेच करतात. माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात एक कुदळ तेलाच्या बोळ्याशिवाय भिंतीला टेकवली नाही. पोलादाचं काय करायचं हे या भागात जन्मलेल्या माणसाला सांगावं लागत नाही, आणि म्हणूनच ते काय करतात हे मी विचारलं नव्हतं.

"कधीपासून लावताय, तात्या?"

"मिरग लागला तवापासनं. उन्हाळ्यात कुठं गंजत्यात?"

मी वही उघडली. कमी कोबाल्टच्या आणि जास्त कोबाल्टच्या पट्ट्या मी आदल्या दोन-तीन वर्षांत, हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात केल्या होत्या. तेव्हा परीक्षांमुळे तास नसायचे, वेळ मिळायचा. मधल्या प्रमाणाच्या सगळ्या पट्ट्या गेल्या पावसाळ्यातल्या आणि या पावसाळ्यातल्या.

"गेल्या वर्षीच्या मृगापासून का या वर्षीच्या?"

"गेल्या. म्हंजी दोनी."

झालं. माझा शोध जून ते सप्टेंबर लागायचा.

तरी एक कोडं उरलं होतं. साबणानंतर मी स्वतः प्रत्येक पट्टी ॲसिटोनमध्ये बुडवायची. ॲसिटोन तेल काढतं, त्याचं कामच ते. मग तेल गेलं का नाही? याचं उत्तर समोर टेबलावरच होतं. ॲसिटोनची बाटली महाग आणि कॉलेजला मागणी केली की तीन महिने लागतात. म्हणून मी तळाला दोन बोटं ॲसिटोन एका बीकरात ओतून ठेवायची आणि आठवडाभर तेच वापरायची. पहिली पट्टी आपलं तेल त्यात सोडून जायची, दुसरी ते थोडं घेऊन बाहेर यायची, सहावीपर्यंत ती तेलाची आंघोळच. तात्या रजेवर गेले तेव्हा बीकर सुकला होता. मी तो धुऊन त्यात नवं ओतलं होतं. एका ओळीत सांगायचं तर तेल तात्यांचं, पण ते सगळीकडे सारखं वाटण्याचं काम माझं.

तात्या माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. बाटलीचं बूच त्यांच्या हातातच होतं.

"माज्यामुळं डिग्री गेली का, मॅडम?"

"डिग्री अजून माझ्याकडे आलीच नाही तर जाईल कुठून? बूच लावा. एक काम करायचंय."

खरं तर मला चिडायला आवडलं असतं, पण चिडणार कुणावर? त्यांना कुणी तेल लावू नका म्हणून सांगितलं नव्हतं. उलट गंजलेली पट्टी दिली असती तर मी बोलले असते. आणि प्रबंधात मी पट्टी साफ करण्याची पद्धत लिहिली होती ती 'मी' घालून : मी घासली, मी धुतली. घासायचे ते, लिहायची मी.

आम्ही एकच पट्टी घेतली. ती दोघांनी मिळून घासली, ताज्या ॲसिटोनने धुतली, मध्ये पेन्सिलीने बारीक रेघ मारली. मग तात्यांनी रेघेच्या डाव्या बाजूला तेलाचा बोळा फिरवला. उजवी बाजू कोरी. साबणाने पूर्ण पट्टी धुतली. डोळ्याला दोन्ही बाजू सारख्याच लखलखीत. तिच्यावर डिस्टिल्ड वॉटर ओतलं तेव्हा फरक दिसला. उजव्या बाजूला पाणी सलग पसरलं, डाव्या बाजूला ते थेंब थेंब होऊन पळालं, अळूच्या पानावरून पळतं तसं.

"धुतली की हो चांगली," तात्या म्हणाले. त्यांना तो अपमान वाटला.

"साबणाने पुरतं निघत नाही. ओरखड्यात बसतं. आमटीचं ताट असतं तर एका हाताने निघालं असतं. हे आपल्याला दिसतही नाही."

बीकरात मधलं प्रमाण भरलं, जे प्रमाण सव्वा वर्ष मी खड्ड्यांचं प्रमाण म्हणून मिरवत होते. पट्टी सोडली. वीज लावली. वीस मिनिटं आम्ही दोघं बीकरात बघत बसलो. डाव्या बाजूला वायूचे बुडबुडे चिकटून राहत होते, उजव्या बाजूचे सुटून वर जात होते. बाहेर काढली, धुतली, वाळवली. डाव्या अर्ध्यावर देवीचे वण, उजवा अर्धा आरसा. मधोमध रेघ, इतकी सरळ की फूटपट्टीने आखावी. डाव्या बाजूला चिकटपट्टी लावून ओढली तर थर तिच्यासोबत आला. उजव्या बाजूला तीनदा ओढली, चिकटपट्टी फाटली.

एकच पाणी, एकच वीज, एकच प्रमाण, एकच पट्टी. याहून स्वच्छ उत्तर मला पाच वर्षांत मिळालं नव्हतं. आणि त्या उत्तराने माझं तिसरं प्रकरण खाल्लं होतं.

सांगायला हरकत नाही, मला वाईट वाटलं ते दहा मिनिटं. नंतर एक हलकेपणा आला. ते खड्डे मला आतून कधी पटलेच नव्हते. दोन्ही टोकांना सपाट आणि मध्येच खड्डे, हे कशाने होतं याचं कारण लिहिताना मी सहा वेळा खोडलं होतं आणि शेवटी 'याचा अधिक अभ्यास आवश्यक आहे' असं लिहून सुटका करून घेतली होती. ती सुटका दर वेळी वाचताना टोचायची.

सरांना स्टँडवरूनच फोन लावला. बस लागायला वेळ होता, मागे इंदापूर-इंदापूर ओरडणं चालू होतं, मी एक कान बोटाने बंद करून सगळं सांगितलं.

"करडईचं?" त्यांनी विचारलं.

"करडईचं. घाण्याचं."

"हं. मग आता?"

"मधल्या सगळ्या पट्ट्या नव्याने करते. घासण्यापासून. आणि अर्धी तेलाची, अर्धी कोरी अशा कमी, मधलं, जास्त या तीनही प्रमाणांच्या करते. म्हणजे प्रमाणाने काय बदलतं आणि पट्टीच्या तयारीने काय बदलतं, हे वेगळं दाखवता येईल."

"त्यात नवीन काही नाही. पट्टी साफ असावी हे सगळ्यांना माहीत आहे."

"माहीत मलाही होतं, सर."

ते हसले. सरांना हसताना मी फोनवरच ऐकलंय. "वीस दिवस आहेत. होईल?"

"तात्या आणि मी मिळून दिवसाला सहा करू. होईल."

"मग करा. शीर्षकात 'पृष्ठभागाची तयारी' घाला. नवीन नसलं तरी खरं आहे, त्यावर पदवी मिळते. जुन्या फोटोंवर मिळाली असती, पण मग ती तुमच्याकडे बघून दात विचकत राहिली असती."

घरी नवरा ओट्याशी वांगी चिरत होता. आमची डाळिंबाची बाग आहे, ती तो बघतो आणि जो आधी घरी पोचेल तो भाजी टाकतो. मी सगळं सांगितलं. त्याने चाकू थांबवला नाही.

"म्हणजे छापून तयार असलेलं सगळं पुन्हा करणार?"

"एक प्रकरण."

"अगं, खड्डे आहेत ना फोटोत? आहेत. तू काढले नाहीस, आपोआप आलेत. कुणाला कळणार आहे तेल? डाळिंबाची एक फवारणी चुकली तर आपण काय पेटीवर छापतो?"

"छापत नाही, म्हणून तर मागच्या वर्षी दोन गाड्या परत आल्या."

"त्या गाड्या पावसाने परत आल्या."

"तू म्हणतोस पावसाने. व्यापारी काय म्हणाला होता?"

त्याने वांगी कढईत टाकली. मग म्हणाला, "तात्यांना ओरडलीस?"

"नाही."

"मग बरं केलंस. त्यांना विचार, बाटलीत उरलं असेल तर द्या म्हणावं. घाण्याचं करडीचं आता मिळत नाही कुठं."

जेवण झाल्यावर मी वीस दिवसांचं वेळापत्रक केलं. सोमवार ते शनिवार तासांच्या मधल्या वेळात घासणं आणि लगेच थर, संध्याकाळी मायक्रोस्कोप. ॲसिटोनची एक बाटली माझ्या पैशाने आणायची, दर पट्टीला नवं ओतायचं. घासलेली पट्टी रात्रभर ठेवायचीच नाही. घासली की तासाभरात बीकरात. गंज धरायला वेळच नको, मग तेलाला कामच नाही. ही शेवटची युक्ती सुचायला मला सव्वा वर्ष लागलं होतं. मी दिवा बंद करून झोपले आणि झोप चांगली लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीने बारामतीला गेले. प्रयोगशाळा उघडली, कपाटातून तिसऱ्या प्रकरणाची टाइप केलेली सव्वीस पानं काढली, खड्ड्यांचे फोटो वेगळे केले. पानं पाठकोरी होती, टाकून देण्यासारखी नव्हती. ती उलटी करून चिमट्यात लावली, वरच्या कोऱ्या बाजूला तारीख घातली आणि पद्धतीचा पहिला परिच्छेद लिहिला : पट्ट्या प्रयोगशाळेच्या मदतनीसांनी घासल्या, पावसाळ्यात गंज धरू नये म्हणून त्यांवर करडईच्या तेलाचा हात फिरवला जात असे. तेवढ्यात तात्या आले. त्यांना ते वाचून दाखवलं, बरोबर आहे का विचारलं, आणि ते व्हय म्हणाल्यावर पहिली पट्टी घासायला घेतली.